एकवीस दिवसांची करामत: घरच्या घरी अंड्यातून पिल्लू

रत्नागिरीहून भाट्याची खाडी ओलांडून सागरी रस्त्याने निघालं की वीसेक किलोमीटरवर पावस लागतं. येणारा माणूस स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरात डोकं टेकवतो, हंगाम असेल तर हापूसची पेटी घेतो आणि परततो. घरांच्या मागे परसात मात्र वेगळंच काही चाललेलं असतं. एखाद्या डालग्यात खुडूक कोंबडी रवणीला बसलेली असते, तर एखाद्या पडवीत थर्माकोलच्या खोक्यात बल्ब, छोटा पंखा आणि थर्मोस्टॅट लावून कुणीतरी स्वतःचं उबवणी यंत्र केलेलं असतं. दोन्हीकडे हिशेब एकच: २१ दिवस. या दिवसांत अंड्याच्या आत जे घडतं, ते वाचल्यावर आमलेटसाठी अंडं फोडतानाही हात क्षणभर थबकेल.

दुकानातलं अंडं बसवून उपयोग नाही

पोल्ट्रीतल्या अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या कळपात कोंबडा नसतो. त्यामुळे ट्रेमधून येणारी अंडी फलित नसतात. ती महिनाभर उबेत ठेवली तरी पिल्लू निघणार नाही. अंडी आणायची ती ज्यांच्या कोंबड्यांत कोंबडा फिरतो, अशा शेजाऱ्यांकडून. गंमत म्हणजे, आज कोंबडा विकून टाकला तरी पुढचे काही दिवस फलित अंडी मिळत राहतात. कोंबडीच्या अंडनलिकेत बारीक नळ्या असतात आणि त्यांत कोंबड्याचं बीज दोन आठवड्यांपर्यंत टिकून राहतं.

जीव थांबूही शकतो

अंडं घातलं जातं, तेव्हा आतला जीव वाढायला लागलेलाच असतो. अंडं थंड झालं की ती वाढ थबकते, आणि पुन्हा ऊब मिळाली की तिथूनच पुढे सुरू होते. म्हणून कोंबडी आठ-दहा दिवस रोज एक अंडं घालते, पण पिल्लं मात्र जवळजवळ एकाच दिवशी निघतात.

कोकणातली मेख इथेच आहे. वाढ पुरती थांबायला साधारण २० अंशांच्या खालचं तापमान लागतं, आणि पावसला घरातला पारा वर्षातले बहुतेक महिने २५ च्या वरच असतो. अशा हवेत ठेवलेलं अंडं धड झोपत नाही, धड जागं होत नाही, आणि आतला जीव अशक्त होत जातो. तेव्हा उबवायची अंडी घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, माठाशेजारी जमिनीवर, रुंद टोक वर करून ठेवावीत आणि आठवड्याच्या आत बसवावीत. ती धुऊ नयेत. अंड्यावरचा नैसर्गिक लेप जंतूंना अडवतो.

जादूचा आकडा ३७.५

पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सियस लागतात. पंखा नसलेल्या खोक्यात वरची हवा जास्त तापते, म्हणून थर्मामीटर अंड्यांच्या माथ्याशी धरून ३८.५ च्या आसपास ठेवतात. कोकणात लाइट जाणं नित्याचं, पण तेवढ्याने धीर सोडायचं कारण नाही. अंडं ऊब धरून ठेवतं. खोक्यावर गोधडी टाकली की काही तास निभावतात. खरा धोका गारव्यापेक्षा उष्म्याचा. पारा ४० च्या वर काही तास राहिला तर आतला जीव दगावतो. म्हणून यंत्र खिडकीच्या उन्हात किंवा पत्र्याच्या छपराखाली कधीही ठेवू नये.

अंड्याने वजन घटवलंच पाहिजे

उबवताना अंड्यातलं पाणी हळूहळू उडून जातं, आणि ते जायलाच हवं. ५० ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी ४४ ग्रॅमच्या आसपास भरलं, म्हणजे काम ठीक चाललंय. गेलेल्या पाण्याच्या जागी रुंद टोकाशी हवेची पोकळी मोठी होते, आणि पिल्लू पहिला श्वास घेतं तो याच पोकळीतला.

देशावर, सोलापूरसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की यंत्रात पाण्याची वाटी भरावी तितकी थोडी. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा आषाढ-श्रावणात इथे उलटी अडचण येते. हवाच ओली, मग अंड्यातलं पाणी उडणार कसं? पोकळी लहान राहते आणि पिल्लू आतच गुदमरतं. म्हणून यंत्राच्या पुस्तिकेत काहीही लिहिलेलं असो, भर पावसात पहिले अठरा दिवस वाटीत पाणी बेताचंच घालावं, कधी कधी घालूच नये. एक स्वस्त आर्द्रतामापक आणि एक छोटा वजनकाटा, एवढ्यावर हे गणित सुटतं. शेवटचे तीन दिवस मात्र आर्द्रता ६५ ते ७० टक्के हवी, म्हणजे आतला पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटत नाही.

कवचाला दहा हजार छिद्रं

हाताला गुळगुळीत लागणाऱ्या कवचावर सुमारे दहा हजार सूक्ष्म छिद्रं असतात. २१ दिवसांत साधारण ६० ग्रॅमचं अंडं त्यांतून सहा लिटर ऑक्सिजन आत घेतं आणि साडेचार लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. म्हणून यंत्राला हवेची भोकं हवीतच. ऊब राहावी म्हणून ती बुजवणं म्हणजे पिल्लाचा श्वास कोंडणं. शिवाय हेच कवच आतून थोडं थोडं विरघळून पिल्लाच्या हाडांना कॅल्शियम पुरवतं.

कोंबडीचं अंडं फिरवा, कासवाचं फिरवू नका

कोंबडी चोचीने अंडी दिवसातून कितीतरी वेळा उलथते. तसं केलं नाही तर वाढता जीव कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. हाताने फिरवणाऱ्यांनी पेन्सिलीने अंड्याच्या एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढावा आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा अंडं उलटावं. आकडा विषम ठेवायचा, म्हणजे लांबलचक रात्र दर वेळी एकाच बाजूवर जात नाही. अठराव्या दिवसापासून फिरवणं बंद.

आता पावसहून दक्षिणेला पूर्णगडापलीकडे गावखडीच्या किनाऱ्यावर चला. तिथे ऑलिव्ह रिडले कासविणी वाळूत अंडी घालतात, आणि त्यांचा नियम नेमका उलटा. घातल्यानंतर काही तासांतच आतला जीव कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, आणि त्यानंतर अंडं उलटलं तर तो मरतो. म्हणून कासवमित्र अंडी सुरक्षित जागी हलवताना त्यांची वरची बाजू वरच ठेवतात. आणखी एक फरक आहे. कासवात वाळू जास्त तापलेली असली तर माद्या जास्त निपजतात. कोंबडीत मात्र नर की मादी हे अंडं तयार होतानाच ठरलेलं असतं, आणि ते ठरतं कोंबडीकडून. निमुळत्या अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून तलंग निघते, ही समजूत खरी नाही.

सातव्या रात्रीचा उजेड

घरातल्या मुलांना जागं ठेवावं अशी ही रात्र. खोली पूर्ण काळोखी करा, मोबाइलच्या बॅटरीवर मूठ धरा आणि मुठीच्या वरच्या भोकावर अंड्याचं रुंद टोक टेकवा. अंडं नारिंगी उजळतं. आत एक गडद ठिपका दिसतो आणि त्यातून चहूकडे लाल शिरा पसरलेल्या असतात. नीट पाहिलं तर ठिपका हलतो. अंडं नुसतंच पिवळं, स्वच्छ दिसलं तर ते वांझ. शिरांऐवजी लाल कडं दिसलं तर आतला जीव गेलेला. अशी अंडी बाजूला काढावीत, नाहीतर नासून फुटतात आणि बाकीची बिघडवतात.

यातलं हृदय दुसरा दिवस संपता संपताच धडधडायला लागलेलं असतं. तेवीसशे वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने अंडी फोडून तिसऱ्या दिवसाचा हा लाल, उडणारा ठिपका लिहून ठेवला. आज तो खिशातल्या फोनने दिसतो, आणि तोही अंडं न फोडता.

कोणत्याही यंत्राहून सरस

कोंबडी खुडूक होते ती प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे. ती अंडी देणं थांबवते, पोटावरची पिसं झडतात आणि उघडी, गरम कातडी थेट अंड्याला टेकते. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठून दाणापाणी उरकते आणि परत येते. तेवढ्या गारव्याने अंड्यांचं काही बिघडत नाही. दहा-बारा अंडी ती सहज सांभाळते, आणि तिला ना वीज लागते ना आर्द्रतामापक.

गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून डालग्यात लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवण्याची रीत अनेक गावांत आहे. पावसाळ्यात अंडी वाया जाण्यामागे बहुधा दमट हवा, ओला पेंढा आणि शिळी अंडी असतात. लोखंड ठेवा न ठेवा, पेंढा कोरडा ठेवाच.

राणी, दारुडा आणि पापणी

रोमची लिव्हिया गरोदर असताना मुलगा होणार का हे पाहायला तिने कोंबडीचं अंडं अंगाच्या उबेवर उबवलं, असं प्लिनीने लिहिलंय. कोंबडा निघाला, आणि पुढे तिचा मुलगा टायबेरियस सम्राट झाला. ॲरिस्टॉटलने सिराक्यूजच्या एका दारुड्याची गोष्ट सांगितलीय: बसायच्या चटईखाली अंडी ठेवून तो पिल्लं निघेपर्यंत पीत बसे. इजिप्तमध्ये तर मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी एकदम उबवण्याची विद्या दोन हजार वर्षांहून जुनी आहे. तिथले कारागीर थर्मामीटर वापरत नसत. अंडं पापणीला लावून ते ऊब जोखत.

अवकाशातली अंडी

मार्च १९८९ मध्ये ‘डिस्कव्हरी’ यानातून ३२ फलित अंडी अवकाशात गेली. त्यांतली निम्मी नऊ दिवस उबवलेली होती, निम्मी फक्त दोन दिवस. परत आल्यावर नऊ दिवसांवाल्यांतून पिल्लं निघाली, दोन दिवसांवाल्यांतून एकही नाही. सुरुवातीच्या दिवसांत जीवाला वर-खाली कळावं लागतं, असाच त्याचा अर्थ लावला गेला. पुढच्याच वर्षी ‘मीर’ स्थानकावर लाव्ह्याची पिल्लं अवकाशातच अंड्यातून बाहेर आली.

एकविसावा दिवस: हात लावू नका

विसाव्या दिवशी पिल्लू पापुद्रा भेदून हवेच्या पोकळीत चोच घालतं आणि अंड्यातून चिवचिव ऐकू येते. कोंबडी बसलेली असेल तर ती घशातून हळू आवाजात उत्तर देते. चोचीच्या शेंड्यावर एक बारीक, कठीण दात असतो, आणि मानेमागचा एक खास स्नायू या दिवसांत फुगलेला असतो. त्यांच्या जोरावर कवचावर पहिली तारेसारखी भेग पडते.

मग सगळं थांबतं. पाच तास, दहा तास, कधी त्याहून जास्त. इथे माणसाची परीक्षा असते. या वेळात पापुद्र्याच्या शिरांतलं रक्त आणि उरलेला बलक पिल्लू पोटात ओढून घेत असतं. आपण ‘मदत’ म्हणून कवच सोललं तर रक्तस्राव होतो, आणि झाकण उघडलं तर आर्द्रता पडते. तयार झालं की पिल्लू अंड्यात गोल फिरत टोपणासारखं रुंद टोक कापतं, पायांनी रेटा देतं आणि ओलंचिंब बाहेर पडतं. चोचीवरचा दात काही दिवसांत गळून जातो.

पोटातल्या त्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस दाणापाण्याशिवाय तग धरतं. एक दिवसाची पिल्लं खोक्यांतून दूरवर पाठवता येतात ती यामुळेच.

कुणाला किती दिवस?

लाव्हा: १७ ते १८
कबुतर: १७ ते १८
कोंबडी: २१
टर्की आणि बदक: २८
मस्कोव्ही बदक: ३५
शहामृग: सुमारे ४२
निकोबारचा मेगापोड: अंड्यावर बसतच नाही, कुजणाऱ्या पाल्याच्या आणि मातीच्या ढिगाऱ्याची ऊब वापरतो

पिवळे पाय आले सह्याद्रीच्या रानातून

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. पण २००८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की तिच्या पिवळ्या कातडीचं जनुक त्याच्याकडून नव्हे, तर राखी रानकोंबड्याकडून आलंय. पहाटे सह्याद्रीच्या रानात आरवतो तोच हा. जगभरच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत आपल्या रानाचा अंश आहे.

अंड्यातून लसही निघते

उबवलेल्या अंड्यात फ्लूचा विषाणू उत्तम वाढतो. २०१० मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वाइन फ्लूवर नाकातून द्यायची ‘नॅसोव्हॅक’ लस आणली, तीही अशाच अंड्यांत वाढवलेल्या विषाणूपासून.

अंडी बसवण्याआधी ठरवा

पिल्लं वाळून फुलली की त्यांना ३५ अंशांची ऊब हवी. पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी ती कमी करत जायची. घोळका करून बसली तर गारठलीत, बल्बापासून लांब पांगली तर उकडतंय. खाली कागद नको, पाय घसरून फाकतात; भाताचं तूस घाला. आधी गुळाचं कोमट पाणी, मग बारीक कणी आणि पिल्लांचं खाद्य. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस चुकवू नका. ती कुठे मिळते ते जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना सांगेल.

आणि दहा पिल्लं निघाली तर पाचेक कोंबडे असणार, हे धरून चाला. त्यांना जागा कुठे, घार आणि मुंगूस यांच्यापासून राखण कोण करणार, जास्तीची कुणाला द्यायची, याची उत्तरं पहिलं अंडं बसवण्याआधी तयार हवीत. अंड्याला आपल्याकडून फार थोडं लागतं: एकसारखी ऊब, बेताचा ओलावा, मोकळी हवा आणि शेवटी न लावलेला हात. पिल्लाला मात्र पुढे कित्येक महिने आपण लागतो. तेवढी तयारी असेल, तर यंदा दिवाळीनंतर कोरडी हवा पडली की एखादी खुडूक कोंबडी बघून ठेवा आणि पोरांना सातव्या रात्रीची तारीख आत्ताच सांगून टाका.