विश्लेषण : स्टेन्ड ग्लास घरी जमेल, पण स्वयंपाकघरात नको!

रंगीत काचेच्या तुकड्यांच्या कडांना तांब्याची चिकटपट्टी लावायची आणि ते सोल्डरने जोडायचे. ही 'कॉपर फॉइल' पद्धत एका टेबलावर मावते, म्हणून घरी स्टुडिओ थाटणारे तिच्यापासूनच सुरुवात करतात.

साहित्य कोणते?

३ मिलिमीटर जाडीची काच, कटर, पकड, तांब्याची पट्टी, फ्लक्स, सोल्डर. रेडिओ दुरुस्तीचे २५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न इथे अपुरे पडते. ८० ते १०० वॉटचे हवे. पैसे आधी चांगल्या कटरवर खर्चावेत. काप सरळ आला की ग्राइंडरचे काम बरेच वाचते.

धोका कशाचा?

नेहमीच्या सोल्डरमध्ये ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असते. जोडताना उठणारा धूर मुख्यतः फ्लक्सचा असतो. तेवढ्या तापमानाला शिशाची वाफ जवळपास होतच नाही. शिसे पोटात जाते ते हातांवाटे. मध्येच उठून चहा-बिस्किटे खाल्ली, की झाले! लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला तर थोडेसे शिसेही घातक. त्यामुळे ओटा आणि जेवणाचे टेबल बादच. खिडकीशी वेगळे टेबल, धूर बाहेर ओढणारा पंखा, डोळ्यांना गॉगल आणि उठताना साबणाने हात धुणे, एवढे हवेच. ग्राइंडर पाण्याशिवाय चालवू नये. काचेची भुकटी झाडूने न लोटता ओल्या फडक्याने टिपावी.

शिसेमुक्त सोल्डर महाग असते आणि वितळायला उष्णताही जास्त घेते. तरी घरात रांगते मूल असेल तर तेच आणावे.