एक पाना, किती नावे!



मागच्या महिन्यात सहावीच्या वर्गात एक लहानसा प्रसंग घडला. फळ्यामागची तार पिळायची होती, म्हणून सरांनी एका मुलाला पक्कड आणायला सांगितली. तो हातोडी घेऊन आला आणि सारा वर्ग हसला. त्याच्या घरी त्या वस्तूला 'प्लास' म्हणतात. "मला मराठी येत नाही का, सर?" असे त्याने मला विचारले, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले. 'पक्कड' हा शब्द मीही घरातच शिकलो, बाजारात 'प्लास'च मागत आलो.

त्याला मी स्वीडनच्या एका पान्याची गोष्ट सांगितली, ती येथे देत आहे.

फिरकी फिरवली की ज्याचा जबडा लहान-मोठा होतो, तो पाना तुम्ही नळवाल्याच्या पिशवीत पाहिला असेल. स्वीडनमधील एन्शॉपिंग गावच्या योहान पेटर योहान्सन या कारागिराने १८९२ साली त्याच्या आजच्या रूपाचे पेटंट घेतले. त्या काळी नटांची मापे एकसारखी नसत. दुरुस्तीला जाणाऱ्याला पान्यांचे ओझे वाहावे लागे. स्वीडिश लोक याला 'शिफ्टनिकेल' म्हणतात, म्हणजे 'बदलणारी किल्ली'. नाव कामावरून पडले.

शेजारच्या डेन्मार्कमध्ये मात्र त्याच पान्याचे नाव आहे 'स्वीडिश किल्ली'! इस्राएलमध्येही तेच. स्पेन आणि इटलीत जा, तर तो 'इंग्रजी किल्ली' होतो. इराणात 'आचार फरान्से', म्हणजे फ्रान्सचा पाना. जर्मनांनी तर कमालच केली. त्यांच्याकडे जुन्या घडणीच्या एका पान्याला नुसते 'इंग्रज' आणि दुसऱ्याला 'फ्रेंच माणूस' म्हणत!

यांत खोटे कोण? कोणीच नाही. इंग्लंडच्या एडविन बडिंगने योहान्सनच्या कितीतरी आधी, १८४०च्या दशकात, असा सरकता पाना बनवला होता. (गवत कापण्याचे यंत्रही याच गृहस्थाचे, १८३०चे.) तेव्हा स्पेनवाल्यांचे म्हणणेही निराधार नाही. वस्तू ज्या दिशेने आपल्या दारात आली, त्या दिशेचे नाव लोकांनी तिला दिले.

अमेरिकेत आणखी निराळे. कार्ल पीटरसन नावाच्या स्वीडिश माणसाने १९०७ साली जेम्सटाउन येथे 'क्रेसेंट' नावाची कंपनी काढली. क्रेसेंट म्हणजे चंद्रकोर. पुढे तिकडे हा पानाच 'क्रेसेंट' झाला. ऑस्ट्रेलियात तो सरळ 'शिफ्टर'.

जाता जाता एक सूचना, कारण मोठी मुले घरी सायकल उघडतात. हा पाना लावताना जोर पक्क्या जबड्यावर येईल असा फिरवावा, सरकत्या जबड्यावर नव्हे. फिरकी घट्ट करूनच जोर लावावा. नाहीतर नटाचे कोपरे झिजतात आणि बोटे सोलतात.

शिक्षकांशी विचारविनिमय करून असे ठरविले आहे की, हस्तव्यवसायाच्या तोंडी परीक्षेत 'पक्कड' आणि 'प्लास', 'स्क्रू ड्रायव्हर' आणि 'पेचकस' या उत्तरांना सारखेच गुण मिळतील. पालकांना विनंती की, आपल्या घरी हत्यारांना जी नावे चालतात, विशेषतः आजी-आजोबांच्या तोंडची, ती एका कागदावर लिहून पाल्याबरोबर वर्गशिक्षकांकडे पाठवावीत. ती यादी हस्तव्यवसायाच्या खोलीत हत्यारांच्या फळीवर लावू. पहिला कागद त्या सहावीतल्या मुलाने आणूनही दिला आहे. त्यात अकरा नावे आहेत आणि त्यांतली दोन मलाही ठाऊक नव्हती.

— मुख्याध्यापक