काहून पाच?

८ मार्च २०२४. महाशिवरात्र होती. उपवासाची भगर ताटात निवत होती आणि खामगावाकडच्या एका जुन्या वर्गमित्राचा पुण्यात फोन आला. दोन वर्षांत पहिलाच. हॅलो नाही, कसा आहेस नाही. पलीकडून फक्त दोन शब्द आले, ‘काहून पाच?’ ऐकणाऱ्याला क्षणभर काही कळेना. मग कळलं, आणि पाठोपाठ मोबाइलवरची बातमीही दिसली. ‘ड्रॅगन बॉल’चे चित्रकार अकिरा तोरियामा वयाच्या ६८व्या वर्षी गेले. गेले होते १ मार्चलाच. जगाला सांगितलं आठवडाभराने.

बुलढाणा जिल्ह्यातल्या साध्या झेडपीच्या किंवा अनुदानित शाळेत शिकलेल्या, आज पस्तिशीच्या आसपास असलेल्या एका पिढीचा या जपानी माणसाशी काय संबंध, असा प्रश्न कुणाला पडेल. संबंध होता, आणि तो मधल्या सुट्टीत जुळला होता.

त्याआधीच्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मोठ्या भावंडांना ‘चांदोबा’तल्या वेताळाचं वेड होतं. १९९३ साली दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ आलं. तेही मुळात जपानीच होतं, पण गुलजारांचं गीत आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज, त्यामुळे कुणाला परकं वाटलं नाही. १९९५ला कार्टून नेटवर्क भारतात आलं, ते इंग्रजी बोलत. मांजर उंदरामागे धावतं हे समजायला भाषा लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बोलण्यासारखंही काही उरत नाही. पाच वर्षं अशीच गेली. त्यांच्याविषयी कुणी हळवं झालेलं अजून तरी पाहण्यात नाही.

मग २०००नंतरच्या दशकात ‘ड्रॅगन बॉल झेड’ हिंदीत दिसायला लागलं. जपानात ही मालिका १९८९ ते १९९६ अशी २९१ भाग चालून संपलीही होती; इकडे ती ताजी होती. गोष्ट सोपी. जगभर विखुरलेले सात गोळे गोळा केले की आभाळ काळं होतं, हिरवा लांबलचक ड्रॅगन वर येतो आणि मागाल ती इच्छा पुरवतो. मराठीत ड्रॅगन नाहीच, त्यामुळे पोरांनी त्याला ‘साप’ म्हणायला सुरुवात केली. ‘साप आला का बे?’ हा प्रश्न शाळेच्या फाटकावर ऐकून एका शिपायाने काठी आणल्याचा किस्सा त्या शाळेत बरीच वर्षं टिकला.

खरी मजा पुढे होती. केबल शहरात, पोरं खेड्यातली. सकाळच्या लाल डब्यातून येणार, संध्याकाळच्या लाल डब्यातून जाणार. ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांच्याकडे लोडशेडिंग होतं. खेड्यांत दिवसाचे दहा-बारा तास लाइन नसे. फीडरनुसार वेळा वेगळ्या, म्हणून एका वेटाळात भागाचा पूर्वार्ध दिसे तर दुसऱ्यात उत्तरार्ध. सगळा भाग कुणालाच दिसत नसे. दुसऱ्या दिवशी दुपारी निंबाखाली डबे उघडत आणि दोन अर्धे जोडून एक भाग तयार होई.

तो तयार होई वऱ्हाडीत. हे आवर्जून सांगायला हवं, कारण या मालिकेची मराठी आवृत्ती जगात कुठे झाली असेल तर ती तिथेच. पडद्यावर पात्रं शुद्ध हिंदीत गरजत. निंबाखाली तीच पात्रं ‘थांब लेका, तुले दाखवतो’ म्हणत. सांगणारा एक ठरलेला होता. सोनाराचा पोरगा, तिरळा, गणितात कच्चा. दोन्ही तळवे कमरेशी नेऊन तो मालिकेचा नायक गोकू याच्यासारखं ‘का... मे... हा... मे...’ असं लांबवायचा आणि शेवटच्या ‘हा’च्या आधी थांबून कुणाच्या तरी डब्यातला ठेचा-भाकरीचा घास उचलायचा. घास गिळेपर्यंत पुढचं अक्षर नाही. ही त्याची दक्षिणा. ज्याने भाग पाहिलेला नाही त्याला तो सांगणं एक, आणि ज्याने अर्धा पाहिलाय त्याच्यासमोर सांगणं दुसरं. तिथे थाप पचत नसे. त्याचं वाक्य अडवायला आठ जण टपलेले असत.

त्या सगळ्या वर्षांत एक भाग असा होता की त्याच्यावरची चर्चा आठवडाभर आवरली नाही. मालिकेचा अगदी पहिला भाग. पुन्हा सुरुवातीपासून दाखवायला घेतलं तेव्हा तो बहुतेकांना पहिल्यांदा सापडला.

आकाशातून एक गोळा येऊन शेतात आदळतो. मोठा खड्डा पडतो. त्यातून राडिट्झ नावाचा लांब केसांचा योद्धा उतरतो. समोर एक शेतकरी, हातात बंदूक, घाबरलेला. राडिट्झच्या डोळ्यावर एक काच असते, समोरच्याची ताकद मोजणारी. बटण दाबलं की आकडा येतो. शेतकऱ्याचा आकडा येतो पाच. शेतकरी गोळी झाडतो, राडिट्झ ती चिमटीत धरतो आणि त्याच्यावरच परत उडवतो. शेतकऱ्याचं काम तिथे संपतं. मालिका पुढे जाते.

निंबाखालची पोरं पुढे गेली नाहीत.

‘काहून पाच?’ पहिला प्रश्न हा होता. ‘माहा बाप क्विंटलचं पोतं पाठीवर घेते. त्याची पाच?’ दुसऱ्याने तांत्रिक शंका काढली : पाच बंदुकीसकट का बिनबंदुकीचे? बंदुकीसकट असतील तर माणूस तीनचाच म्हणायचा. तिसरा म्हणाला मीटरच खराब असन, आमच्या घरचं लाइनचं मीटरबी उलटंच फिरते. एकाने हिशेब मांडला की रिकाम्या पोटी मोजलं असेल. न्याहारी करून मोजायला पाहिजे होतं. सोनाराच्या पोराने निवाडा दिला की जपानात शेतकरी कमजोरच असतात, तिथे ज्वारी पिकत नाही. हे बऱ्याच जणांना पटलं.

हे चाललं होतं ते साल महत्त्वाचं आहे. १ जुलै २००६ला तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा आणि बुलढाणा. कारण साऱ्या देशाला माहीत होतं. वर्गातल्या पोरांना जरा जास्तच. शेतकऱ्याची किंमत काय, हा प्रश्न घरात रात्री दबक्या आवाजात चाललेला असायचा आणि मधल्या सुट्टीत तो मोठ्याने विचारायची सोय त्या काचेवरच्या आकड्याने करून दिली.

आठवड्याच्या शेवटी मागच्या बाकावरच्या एका अबोल पोराने वेगळंच काढलं. पुढच्या भागांत गोकू मरतो, आणि वर्षभराने सात गोळे जमवून त्याला जिवंत करतात, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. ‘गोकूले उठवलं,’ तो म्हणाला, ‘मंग त्या शेतकऱ्याले काहून नाही सांगितलं सापाले?’ सोनाराच्या पोराकडेही उत्तर नव्हतं. घंटा झाली.

त्याच हिवाळ्यात सहल लोणारला गेली. बेसाल्टमधलं ते विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, उल्कापाताने झालेलं. गुरुजींनी पाठ्यपुस्तकातलं सगळं सांगितलं. दैत्यसूदनाच्या देवळात पुजाऱ्यांनी लवणासुराची आणि विष्णूची कथा सांगितली. पोरांनी दोन्ही नीट ऐकून घेतलं आणि कड्यावर उभं राहून एकमताने ठरवलं की राडिट्झ इथे उतरला. पुरावा समोर होता, खड्डा पाहा केवढा. एकाने तर खालच्या केळीच्या बागेकडे बोट करून शेतकरी कुठे उभा असेल तेही दाखवलं. परत येताना गाडीत प्रत्येकाने सापाकडे काय मागायचं यावर मतदान झालं. चोवीस तास लाइन पहिली आली, वेळेवर पाऊस दुसरा. चीन-जपानात ड्रॅगन हा मुळात पाण्यापावसाचा देव आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक असतं तर निकाल कदाचित फिरला असता.

‘पाच’ हा आकडा त्या पोरांच्या राशीला लागला होता असं दिसतं. नामेक ग्रहावरच्या लढाईत खलनायक फ्रीझा म्हणतो, पाच मिनिटांत हा ग्रह फुटणार. ती पाच मिनिटं जवळपास दहा भाग पुरली. जपानी पोरांनी ती सोसली, पण त्यांच्याकडे लाइन जात नव्हती. इकडे ग्रह फुटायला पोळा ते दसरा लागला.

आता काही जुने हिशेब. कार्टून पाहून पोरं बिघडतात असं परिपाठात सांगणारे एक गुरुजी होते. शिक्षा म्हणून ते दोन्ही हात वर करून उभं करत. गोकूचा शेवटचा उपाय असतो ‘गेंकिदामा’: सगळ्या जगाने हात वर करायचे आणि आपली ताकद त्याला पाठवायची. वर्गाबाहेर नऊ पोरं हात वर करून खुशीने उभी आहेत आणि गुरुजींचा पारा चढतोय, हे दृश्य ज्याने पाहिलं त्याला दोन्ही बाजू कळाल्या. दुसरा हिशेब शहरी मंडळींशी. भारतात ‘ॲनिमे’ (जपानी कार्टून) टाळेबंदीत, म्हणजे २०२०ला रुजलं, असं ते हल्ली बिनदिक्कत लिहितात. आणि तिसरा मराठी बालसाहित्याशी. पोरं वाचत नाहीत म्हणून परिसंवाद भरवणाऱ्यांपैकी कुणी त्या निंबाखाली येऊन बसलं नाही. वऱ्हाडी बोली नाटकात गड्याच्या तोंडी घालून हशा वसूल करण्यापुरती त्यांना माहीत होती. तिच्यात अंतराळातली लढाई बसते, हे सोनाराच्या पोराने दाखवलं. त्याची नोंद कुठे नाही.

पुढे कळलेल्या काही गोष्टी तेव्हा कळायला हव्या होत्या. तोरियामांनी या योद्ध्यांना चक्क भाज्यांची नावं दिली होती. वेजिटा म्हणजे व्हेजिटेबल, गोकूचं मूळ नाव काकारोट म्हणजे गाजर, आणि राडिट्झ म्हणजे रॅडिश, मुळा. शेतकऱ्याला मुळ्याने मारलं! निंबाखाली यावर किमान पंधरा दिवस गेले असते. खुद्द गोकू म्हणजे ‘पश्चिमेची यात्रा’ या सोळाव्या शतकातल्या चिनी कादंबरीतला वानर सुन वुखोंग. त्याच नावाचा हा जपानी उच्चार. तो वानर ज्या भिक्षूची राखण करत निघतो तो ह्युएन त्संग प्रत्यक्षात सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या काळी महाराष्ट्रात येऊन गेला, आणि त्याने वर्णिलेली डोंगरातली लेणी अजिंठ्याची असावीत असं अभ्यासक मानतात. बुलढाणा शहर त्याच अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलंय. म्हणजे वानर इकडचाच पाहुणा.

नंतरचं सगळं भराभर झालं. डोरेमॉन आला, २००८ला छोटा भीम आला, पोरं लहान होत गेली आणि गोष्टी त्यांच्याहून लहान. २०१६नंतर डेटा स्वस्त झाला, लाइनही पुष्कळ सुधारली. ‘ड्रॅगन बॉल सुपर’ २०२२ला हिंदीत आलं. त्याच्या पहिल्याच भागात गोकू ट्रॅक्टरवर बसून शेती करताना दिसतो. ‘काहून पाच’ला एवढं सणसणीत उत्तर मिळालं तेव्हा विचारणारे सगळे कामाला लागले होते. सप्टेंबर २०२५मध्ये ‘डीमन स्लेयर’ या जपानी मालिकेचा चित्रपट थिएटरांत लागला, हिंदीत, तमिळमध्ये, तेलुगूत. मराठीत नाही. ही तक्रार कुणा एका कंपनीवर नाही; मागितलंच कुणी? मेक्सिकोत २०१८ला ‘सुपर’चा शेवटचा भाग शहरांच्या चौकांत मोठ्या पडद्यावर दाखवला गेला, जपानी निर्मात्यांनी हरकत घेतली तरी गर्दी हटली नाही. तिथे गोकू वर्षानुवर्षं त्यांच्या स्पॅनिशमध्ये बोलत आलाय. इथे तो मराठी बोलला ते फुकट, ठेचा-भाकरीच्या एका घासावर, आणि ती आवृत्ती जपून ठेवायचं कुणाला सुचलं नाही. सांगणाऱ्यालाही नाही, तो आता सुरतेत आहे.

तोरियामांनी अखेरपर्यंत ज्यावर काम केलं ती ‘दाइमा’ ही २० भागांची मालिका त्यांच्या पश्चात, ऑक्टोबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५मध्ये आली. खामगावच्या भाच्याने ती मोबाइलवर पाहून संपवली. प्रस्तुत लेखकाने मोठ्या आशेने विचारलं, काय झालं रे शेवटी, सांग बरं. तो डोकंही वर न करता म्हणाला, ‘मामा, सांगत काय बसू? लिंक टाकतो नं.’ आली लिंक. अजून उघडलेली नाही.

आणि तो फोनवाला मित्र. मागच्या बाकावरचा अबोल पोरगा तोच. शिक्षण दहावीनंतर सुटलं, सहा एकर वावर करतो. २०२५च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ५,३२८ रुपये, आणि अट होती ओलावा बारा टक्क्यांच्या आत. पाऊस लांबला होता. दिवाळीनंतर तो एका खरेदी केंद्रावर रांगेत उभा होता, प्रस्तुत लेखक सोबतीला. ग्रेडरने पोत्यातून मूठभर दाणे काढले, यंत्राच्या वाटीत टाकले, बटण दाबलं. छोट्या काचेवर आकडा लुकलुकला आणि स्थिरावला. चौदा.

ग्रेडर पुढच्या पोत्याकडे वळला. मित्र काचेकडे बघत राहिला, मग हसला.

‘तवा पाच कमी होते,’ तो म्हणाला, ‘आता चौदा जास्त हायेत.’

आणि ट्रॉलीवरची ताडपत्री ओढून तो दाणे वाळवायला जागा शोधू लागला.