दप्तर बांधायचे कोणत्या यंत्राने?

हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावी कचेरीचे कागद बांधायला यंत्र घ्यायचे ठरले, की पहिला प्रश्न निघतो किमतीचा. तो दुसरा असावा. पहिला असा, की हा कागद किती वर्षे टिकायला हवा?

२०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यात निजामकालीन नोंदी धुंडाळल्या गेल्या, तेव्हा शाळांच्या जुन्या प्रवेश-निर्गम नोंदवह्याही उघडाव्या लागल्या. एका ओळीवर एका घराचा दाखला! अशा वहीला यंत्राची भोके पाडू नका. समासातले अक्षरच नेमके कापले जाते. ती दोऱ्याने शिवावी. खळीत मोरचूद घातले तर कसर दूर राहते. फक्त मोरचूद विषारी, मुलांच्या हाती देऊ नये. शिवलेल्या वहीतले पान गुपचूप बदलणेही अवघड.

यंत्र हवे ते रोजच्या कामाला. प्लास्टिकच्या फणीची बांधणी पुन्हा उघडते, पाने घालता-काढता येतात. सभेच्या कागदांना ती बरी. स्पायरलचे पुस्तक पूर्ण उलटे दुमडते, म्हणून वर्गात हातात धरायच्या टाचणाला ते सोयीचे. गरम गोंदाच्या यंत्राला वीज लागते. ती गेली की आपण बसलो! हाताच्या दांड्याचे घ्या.

दुकानदार सांगेल, "साडेचारशे कागद बांधते." तो आकडा फणीत मावणाऱ्या कागदांचा. एका दाबात भोके पडतात ती साधारण दहा-पंधरा कागदांना. तेव्हा आपलेच कागद सोबत न्या आणि दुकानातच दांडा ओढून पाहा.