नाताळच्या भट्टीपासून बोरन्हाणापर्यंत : सुट्टीतला खाऊ आणि घरचे धान्य

डिसेंबरचा उत्तरार्ध ते रथसप्तमी हा काळ शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने समृद्धीचा असतो. खरिपातील बाजरी आणि नाचणी कणगीत आलेली असते, गुऱ्हाळांवर नवा गूळ उतरत असतो, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात आणि बांधावरची बोरे पिकू लागतात. नेमक्या याच काळात शाळांना नाताळची सुट्टी लागते, पाहुणे येतात, मुलांचे वाढदिवस आणि छोटे समारंभ साजरे होतात. तरीही खेड्यातील वाढदिवसाच्या ताटात आज जे दिसते, त्यात त्या घरच्या शेतातील एकही जिन्नस बहुधा नसतो. तालुक्याच्या गावाहून आणलेला मैद्याचा केक, त्यावर वनस्पती तेलापासून बनविलेली मलई, कृत्रिम रंगाची फुले आणि थर्माकोलची सजावट असा हा थाट असतो. घरी ज्वारी पिकविणाऱ्याचे मूल आनंदाच्या प्रसंगी ज्वारी खात नसेल, तर मोठेपणी ते ज्वारीचे ग्राहक होईल अशी अपेक्षा कशी करावी? 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. त्या निमित्ताने निर्माण झालेली उत्सुकता टिकवायची असेल, तर घरातील सणाचा खाऊ हे दुर्लक्षून चालणार नाही असे क्षेत्र आहे.

भट्टीत भाजलेला गोड पदार्थ म्हणजे परकी गोष्ट, असा एक समज आहे. आपल्या देशातील भाजणकलेचा इतिहास पाहिल्यास तो टिकत नाही. केरळमधील तलश्शेरी येथील माम्बळ्ळी बापू यांची कथा प्रसिद्ध आहे. ब्रह्मदेशात बिस्किटे बनविण्याचे काम शिकून आलेल्या या गृहस्थांकडे 1883 साली अंजरकंडीच्या दालचिनी मळ्याचे मालक मर्डोक ब्राऊन इंग्लंडहून आणलेला नाताळचा केक घेऊन आले आणि तसाच बनवून देण्यास त्यांनी सांगितले. बापूंनी परदेशी ब्रँडीऐवजी काजूची बोंडे आणि कदळी केळी यांपासून काढलेले स्थानिक मद्य वापरले, असे सांगतात. भारतातील पहिला नाताळ केक म्हणून तो ओळखला जातो. कृती इंग्लंडची असली तरी त्यातले मद्य तेथल्याच बोंडांचे आणि केळ्यांचे होते, ही बाब विस्तार कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. सुरतेच्या नानकटाईची कथाही याच जातीची आहे. डच व्यापाऱ्यांची बेकरी पुढे चालविणाऱ्या दोटीवाला या पारशी कुटुंबाशी ती जोडली जाते आणि त्या काळी पाव आंबविण्यासाठी ताडी वापरीत, असे म्हणतात. अलाहाबादी केकमध्ये कोहळ्याचा पेठा आणि तूप असते. पुदुच्चेरीत नाताळला रव्याचा ‘विविकम’ केक होतो. गोव्याच्या बेबिंकाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नारळाचे दूध, अंड्याचा पिवळा बलक, साखर आणि तूप यांचे एकावर एक थर देत हा पदार्थ पारंपरिक पद्धतीने वरून निखाऱ्यांची धग देऊन भाजला जातो. गोव्याचेच दोदोल म्हणजे तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा गूळ. तेथील रवा-नारळाची बोलिन्यास आणि बातका तसेच वसईच्या ईस्ट इंडियन घरांतील रवा-नारळाचे थाळी स्वीट पाहिले, तर किनारपट्टीवरील घरांनी नारळाला नाताळच्या भट्टीत केव्हाच मानाचे स्थान दिलेले दिसते. पठारावरील ज्वारी, बाजरी, नाचणीला मात्र असे स्थान अद्याप मिळालेले नाही.

त्यामागे एक शास्त्रीय कारणही आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय प्रशिक्षण वर्ग घेऊ नयेत. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले असता ग्लुटेनचे लवचीक जाळे तयार होते. ते वायू धरून ठेवते, म्हणून पाव फुगतो. भरडधान्यांत ग्लुटेन नाही. त्यामुळे केवळ बाजरीच्या पिठाचा पाव करण्याचा आग्रह धरला, तर हाती बहुधा विटकर येते आणि प्रात्यक्षिकास आलेल्या महिला पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. याउलट नानकटाईत ग्लुटेनचे जाळे होऊ न देणे हेच कौशल्य असते. तूप पिठाच्या कणांवर आवरण घालते, पाणी जवळजवळ नसते, म्हणूनच ती खुसखुशीत होते. भरडधान्यांतील जी गोष्ट पावात उणीव ठरते, तीच नानकटाईत गुण ठरते. सुरुवात नानकटाईने करावी, असे आग्रहाने सांगण्याचे कारण हेच.

सुमारे 24 नगांसाठी नाचणीचे वस्त्रगाळ पीठ 100 ग्रॅम, गव्हाचे पीठ 75 ग्रॅम, बेसन 25 ग्रॅम, रवाळ तूप 110 ग्रॅम, पिठीसाखर 100 ग्रॅम, खाण्याचा सोडा पाव लहान चमचा, चिमूटभर मीठ आणि वेलची किंवा जायफळ घ्यावे. नाचणीचे पीठ मंद आचेवर चार-पाच मिनिटे भाजून पूर्ण गार करावे. त्याने कच्चा वास जातो. तूप पातळ करू नये. साखरेसह ते हलके व पांढुरके होईपर्यंत फेसावे, मग पिठे चाळून मिसळावीत आणि गोळा जमेल इतकेच हाताळावे. गोळा कोरडा वाटल्यास चमचाभर दूध पुरते. गोळे अर्धा तास थंड जागी ठेवून 160 अंश सेल्सिअसला 16 ते 18 मिनिटे भाजावेत. बाहेर काढताना नानकटाई मऊ लागते आणि नवखी व्यक्ती ती कच्ची समजून पुन्हा आत ढकलते. नाचणीचा रंग मुळातच गडद असल्याने करपलेली कळतही नाही. गार झाल्यावर ती आपोआप कडक होते. साखरेऐवजी गुळाची पावडर चालते, परंतु गूळ हवेतील ओलावा ओढतो. असा खाऊ थोडा मऊ राहतो आणि तो लवकर संपवावा लागतो.

ओव्हन नाही, ही अडचण प्रत्येक गावात पुढे येते. जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात दोन बोटे जाडीचा वाळूचा किंवा जाड मिठाचा थर पसरावा, त्यावर तिवई ठेवावी, झाकण लावून मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे तापवावे आणि मगच खाऊची थाळी आत ठेवावी. येथे भाजण्यास 20 ते 25 मिनिटे लागतात. दुसरा मार्ग आपल्याकडे पूर्वापार आहे. पीठ, तूप, साखर घेऊन गावच्या बेकरीत जायचे आणि भाजणावळ देऊन डबा भरून नानकटाई आणायची, ही पद्धत अनेक गावांत अजून चालू आहे. घरची नाचणी घेऊन तेथे गेल्यास बेकरीवाल्यालाही नवे काही शिकण्याची संधी मिळते.

बाजरीबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. बाजरीत सुमारे पाच टक्के स्निग्धांश असतो आणि दळल्यानंतर लायपेज हे विकर त्यावर काम करू लागते. काही दिवसांतच पीठ कडवट लागते. म्हणून बाजरी लागेल तेवढीच आणि ताजी दळावी. धान्य उकळत्या पाण्यात काही क्षण बुडवून, निथळून, कडक उन्हात पूर्ण वाळवून दळल्यास विकराची क्रिया मंदावते आणि पीठ अधिक टिकते. विक्रीसाठी बाजरीची बिस्किटे करणाऱ्या गटांनी ही पायरी गाळू नये. ग्राहक कडवट चव एकदाच सहन करतो.

वाढदिवसाच्या केकसाठी ज्वारी सोयीची ठरते, पण प्रमाण राखावे लागते. ज्वारीचे पीठ 80 ग्रॅम आणि गव्हाचे 120 ग्रॅम घेतल्यास केक धरून राहतो. त्यात ताजे दही 200 ग्रॅम, गुळाची पावडर 150 ग्रॅम, तेल 100 मिलिलिटर आणि या दिवसांत मुबलक असलेले गाजर 150 ग्रॅम किसून घालावे. ज्वारी पाणी सावकाश शोषते. मिश्रण 15 मिनिटे झाकून ठेवावे आणि त्यानंतरच एक लहान चमचा बेकिंग पावडर व अर्धा चमचा सोडा मिसळावा. दह्यातील आम्ल आणि सोडा यांच्या क्रियेतून निघणारा वायूच केकला फुगवितो. सोडा आधी घातला तर तो वायू वाट पाहण्यातच निघून जातो. 175 अंशांवर 35 ते 40 मिनिटे भाजावे. वरची मलई गाळून खोबऱ्याचा कीस किंवा घट्ट चक्का लावावा. खाद्यतेले व स्निग्ध पदार्थांतील ट्रान्स मेदाम्लांवर 2022 पासून दोन टक्क्यांची मर्यादा देशात लागू आहे ही समाधानाची बाब, तरी सुट्या मिळणाऱ्या मलईत नेमके काय आहे हे घरी कळण्याचा मार्ग नसतो.

आता पौष्टिकतेविषयी, कारण येथे उत्साहाच्या भरात फार बोलले जाते. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 364 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हा आकडा प्रत्येक माहितीपत्रकात छापलेला दिसतो. वरील कृतीतील 100 ग्रॅम नाचणी 24 नानकटायांत विभागली गेली, म्हणजे एका नगात नाचणीपासून मिळणारे कॅल्शियम साधारण 15 मिलिग्रॅम. सोबत चार ग्रॅमहून अधिक साखर आणि तितकेच तूप. नानकटाई हा गोड खाऊ आहे, औषध नव्हे. नाचणीचा खरा लाभ रोजची भाकरी, आंबील आणि सत्त्व यांतूनच मिळतो. सणाचा खाऊ मुलांच्या जिभेला त्या चवीची ओळख करून देतो आणि एवढे काम त्याच्याकडून पुष्कळ झाले. बचत गटांच्या वेष्टनांवर ‘कॅल्शियमने भरपूर’ असा मजकूर छापण्यापूर्वी हे गणित अवश्य करावे.

मुलांच्या समारंभांकडे वळू. एखादी कल्पना ठरवून तिच्याभोवती सजावट, पोशाख, खेळ आणि खाऊ गुंफणे याला शहरांत आज ‘थीम पार्टी’ म्हणतात. महाराष्ट्रातील बोरन्हाण याहून वेगळे काय आहे? संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लहान मुलांना काळे कपडे आणि घरी बनविलेले हलव्याचे दागिने घालायचे, आणि त्यांच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे ओतायचे. शेतातल्या हंगामाचा एवढा नेटका समारंभ आयता आपल्या हाती आहे. आंध्र प्रदेश आणि तेलंगणात भोगीच्या दिवशी मुलांवर बोरे, उसाचे तुकडे, फुले आणि नाणी ओततात. त्याला ‘भोगी पळ्ळु’ म्हणतात. दोन्हीकडे बोर हे मुख्य पीक, आणि तेही कोरडवाहू. अलीकडे या ओंजळीत चॉकलेटे आणि वेष्टनातील गोळ्याच अधिक दिसतात. त्या ठिकाणी छोट्या बोराएवढ्या नानकटाया कागदी पुड्यांत बांधून घालता येतील. हुरडा पार्टी मोठ्यांची म्हणून ओळखली जाते, परंतु ‘फुले उत्तरा’ किंवा ‘फुले मधुर’ यांसारख्या गोड हुरड्याच्या वाणांचा एक वाफा असलेल्या शेतकऱ्याला मुलांचा वाढदिवस शेतावर साजरा करण्यास आणखी फारसे काही लागत नाही. कृषी पर्यटन केंद्रांनी याचा विचार करावा.

खेळांसाठी स्वयंपाकघर पुरेसे आहे. डोळे बांधून हाताच्या स्पर्शाने ज्वारी, बाजरी, नाचणी, राळा, वरई ओळखण्याचा खेळ मोठ्यांनाही चकवितो. गोकर्णाची निळी फुले गरम पाण्यात टाकून त्या निळ्या पाण्यात लिंबू पिळले की ते जांभळे-गुलाबी होते. हळदीच्या पाण्यात चिमूटभर सोडा टाकला की ते लालसर होते. या दुसऱ्या प्रयोगाचा अनुभव केकमध्येही येतो. रंगासाठी हळद घातलेला आणि सोडा जास्त झालेला केक पिवळा न होता विटकरी होतो. बिटाचा रंग भट्टीच्या उष्णतेत टिकत नाही, तो वरच्या चक्क्यातच वापरावा. सजावटीसाठी कडब्याची ताटे, झेंडूच्या माळा, केळीची पाने आणि पळसाच्या पत्रावळी घ्याव्यात. फुग्यांच्या प्लास्टिक काड्या, सजावटीचे थर्माकोल, प्लास्टिकची ताटे व चमचे यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, तरी गावोगावच्या दुकानांत ही सामग्री अजूनही दिसते.

दोन सूचना मात्र तडजोडीविना पाळाव्यात. परतभेट म्हणून बियाण्यांच्या पुड्या देण्याची कल्पना चांगली आहे, परंतु दुकानातून आणलेले बियाणे बहुधा बुरशीनाशक किंवा कीटकनाशकाची प्रक्रिया केलेले, गुलाबी वा हिरव्या रंगाचे असते. लहान मूल त्याला गोळी समजून तोंडात घालू शकते. पुड्यांत केवळ घरचे, प्रक्रिया न केलेले बी भरावे. स्पर्शाच्या खेळासाठीही स्वयंपाकघरातील धान्यच घ्यावे, पेरणीतून उरलेले नव्हे. दुसरी सूचना बोरन्हाणाची. चार-पाच वर्षांखालील मुलांच्या हाती शेंगदाणे, हरभरे आणि बियांसकट बोरे लागतात आणि घास श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. ओतून झाले की खाली सांडलेले जिन्नस मोठ्या मुलांनी वेचावेत आणि त्या वेळी सत्कारमूर्तीला कडेवर घ्यावे.

ज्या महिला गटांना या खाऊची विक्री करायची आहे, त्यांनी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी आधी घ्यावी. लहान घरगुती उत्पादकांसाठी ती सोपी आहे. हैदराबाद येथील भारतीय श्री अन्न संशोधन संस्था आणि मैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था या विषयात प्रशिक्षण देतात. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील गृहविज्ञान विषयतज्ज्ञांकडून सुरुवात केल्यास प्रवास वाचतो. पहिल्या हंगामात एकच पदार्थ, एकच आकार आणि आठवड्याला खपेल तेवढाच माल ठेवावा. प्रत्येक घाण्यातील दोन नग तारीख लिहून डब्यात बाजूला ठेवावेत आणि दर चौथ्या दिवशी चाखून पाहावेत. चव किंवा वास ज्या दिवशी बदलला, त्याच्या बऱ्याच आधीची मुदत वेष्टनावर छापावी.