अवघड पाठीचे घोडे आणि त्यांचे जीन

घोडा विकत घेताना गिऱ्हाईक त्याचे दात पाहते, पाय उचलून खूर पाहते, अंगावरचे भोवरे निरखते, दहा पावले दौडवून चाल पाहते; परंतु ज्या पाठीवर पुढची दहा-पंधरा वर्षे आपला भार पडावयाचा, ती पाठ हाताने चाचपून पाहणारा मनुष्य सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारात काय किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत काय, विरळाच आढळतो. अशा बाजारांत एखाद्या काळ्या वा कुमाइत घोड्याच्या पाठीवर, मानेच्या मुळाशी दोन्ही बाजूंस, रुपयाएवढे पांढरे ठिपके दिसतात. पुष्कळांना ते उपजत खूण वाटतात. वस्तुतः तेथे पूर्वी कधीतरी जिनाचा असह्य दाब पडून केसांना रंग पुरविणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असतात, आणि जखम भरली तरी तेथे येणारा केस पुन्हा पांढराच येतो.

हा दाब का पडतो, हे समजण्यासाठी घोड्याच्या अंगाची रचना थोडी पाहिली पाहिजे. घोड्यास गळपट्टीची हाडे (जत्रुकास्थी) नसतात. पुढचे दोन पाय व त्यांवरची खांद्याची पाती धडाला केवळ स्नायूंनी जोडलेली असून छाती त्यांच्यामध्ये जणू झोळीत लोंबकळत असते. पाऊल पुढे पडते तेव्हा पात्याचे वरचे टोक मागे सरकते, आणि जिनाचा पुढचा भाग पात्यावर आलेला असेल, तर प्रत्येक पावलाला ते पाते जिनाच्या कठीण सांगाड्यावर आदळत राहते. मागच्या बाजूसही मर्यादा आहे. बरगड्यांच्या अठरा जोड्या संपल्या की पुढे कमरेचे मणके लागतात. त्यांना खालून बरगडीचा आधार नसल्यामुळे तेथे भार टाकणे वर्ज्य होय. अर्थात खांद्याच्या पात्यामागे आणि शेवटच्या बरगडीपुढे, कण्याच्या दोन्ही अंगांस जे लांबट स्नायू पसरलेले असतात, तेवढीच काय ती जिनाची हक्काची जागा. आणि खुद्द कण्यावर तर लोकरीच्या गादीचाही स्पर्श होता कामा नये.

साध्यासरळ पाठीच्या घोड्याला ही जागा भरपूर असते. पंचाईत होते ती अवघड पाठीची. शर्यतीतून निवृत्त झालेले उंच थरोब्रेड घोडे स्वारीच्या शाळांतून येतात, तेव्हा त्यांच्या खांद्यांमधील हाडांचा उंचवटा उंच व धारदार असून त्याच्या मागे दोन्ही बाजूंस खळगे पडलेले असतात; अशा पाठीवर जीन पुढे व मागे टेकते आणि मध्ये पुलासारखे अधांतरी राहते, म्हणजे सगळ्या पाठीने वाटून घ्यावयाचा भार चार कोपऱ्यांवर येऊन पडतो. उलट, गोल पिंपासारख्या अंगाच्या तट्टाला तो उंचवटा जवळजवळ नसतोच, आणि त्याच्यावरचे जीन एका बाजूला घसरते. मग मालक तंग आवळीत जातो आणि तट्टू तंग पाहताच पोट फुगवू लागते. म्हाताऱ्या घोड्यांची पाठ खचलेली असते, कोणाचा डावा खांदा उजव्याहून भरलेला असतो. यांतील सर्वांत कठीण प्रकार मात्र, माझ्या मते, पहिलाच होय. कारण तो पुष्कळ अंशी जिनानेच घडविलेला असतो. अरुंद जिनाने स्नायू दाबला की तो झिजतो, झिजला की खळगा वाढतो, आणि खळगा वाढला की तेच जीन अधिक खाली बसून अधिक रुतते.

या विषयाचा शास्त्रशुद्ध विचार फौजांनी केला, कारण त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. ब्रिटिश लष्कराच्या पशुवैद्यक खात्यातील फ्रेडरिक स्मिथ या अधिकाऱ्याने १८९१ साली जीन आणि पाठीच्या जखमा याच विषयावर एक स्वतंत्र हस्तपुस्तिका सिद्ध केली. पुढे १८९९ ते १९०२ च्या दक्षिण आफ्रिकेतील युद्धात त्या लष्कराचे तीन लाखांहून अधिक घोडे मेले. त्यांतले बहुसंख्य गोळीने नव्हे, तर उपासमार, रोग आणि अतिश्रम यांनी मेले. जिनाच्या दृष्टीने त्या मोहिमेचा धडा असा की, लांबच्या समुद्रप्रवासानंतर अंगात मांस नसलेला जो घोडा विश्रांतीशिवाय मोहिमेवर रवाना होतो आणि दाणावैरणीच्या टंचाईत रोज वाळत जातो, त्याची पाठ महिन्याभरात निराळ्याच आकाराची होते. रवानगीच्या दिवशी तंतोतंत बसलेले जीन मग वैऱ्याचे काम करते. म्हणूनच खाली घालावयाच्या कांबळ्याच्या घड्या घोड्याच्या अंगमांसाप्रमाणे कमीजास्त करण्याची पद्धत पडली, आणि १९१२ च्या नमुन्याच्या लष्करी जिनात तर बाजूच्या लाकडी फळ्या पोलादी कमानींना खिळीवर फिरत्या जोडल्या गेल्या, जेणेकरून पाठीच्या उताराबरोबर त्यांनीही आपला कोन बदलावा. सांगाड्याने घोड्याचे ऐकावे, ही कल्पना लष्करी कारखान्यात रुजावयास एवढे घोडे खर्ची पडावे लागले.

आपल्याकडील मुलूखगिरीच्या काळात कठीण सांगाड्याच्या जिनाबरोबर भरावाचे खोगीर आणि चारजामा हेही सर्रास चालत. मऊ भराव कोणत्याही पाठीवर बसतो, हा त्याचा गुण. परंतु कण्यावरून भार दोन्ही बाजूंस सारणारा सांगाडा त्यात नसल्यामुळे जड स्वार आणि लांब मजल यांत तो कण्यावरच दबतो, हा त्याचा दोष. बारगिराचा घोडा सरकारी असे, शिलेदाराचा स्वतःचा; ज्याचे सारे भांडवल दावणीला बांधलेले, त्याची नजर घोड्याच्या पाठीवर अधिक असणार, हे उघड आहे. इंग्रजांनीही हिंदुस्थानी रिसाल्यांत शिलेदारीची ही रीत पहिल्या महायुद्धापर्यंत चालविली. मराठ्यांचे राज्य बुडाल्यावर पागा मोडल्या आणि जिनगर मंडळी पोटासाठी इतर कारागिरीकडे वळली. मोठ्या प्रमाणावरील जिनांचे काम सरकारी कारखान्यामुळे कानपुरास गेले. कानपूरचे जीन आजही परदेशी जाते. ते वाईट असते असे मुळीच नाही, पण ते ठरीव मापाचे असते, आणि आपला प्रश्न तर मापात न बसणाऱ्या घोड्याचा आहे.

त्याचे माप घेणे मात्र कोणालाही साधण्यासारखे आहे. घोडा सपाट जमिनीवर, चारी पायांवर सारखा भार देऊन उभा करावा. शिशाची किंवा वाकवली की तशीच राहणारी दुसरी कोणतीही पट्टी खांद्याच्या पात्यामागे दोन बोटे अंतरावर आडवी दाबावी, हलक्या हाताने उचलून जाड कागदावर ठेवावी आणि आतल्या बाजूने शिसपेनने रेघ ओढावी. असेच दुसरे माप पाठीच्या सखल भागात आणि तिसरे शेवटच्या बरगडीजवळ घ्यावे. नंतर कण्यावरून लांबीचे एक. कागदावर तारीख घालावी, डावे-उजवे लिहावे. उंच उंचवट्याच्या घोड्याच्या मापावर दोन्ही बाजूंचे खळगे असे स्पष्ट उमटतात की पाहणाऱ्याला दुसरे काही सांगावे लागत नाही. जीन नमद्याशिवाय, म्हणजे खाली घालावयाच्या जाड लोकरी कापडाशिवाय, उघड्या पाठीवर ठेवून स्वार बसल्यावर उंचवट्यावर दोन-तीन बोटे मोकळी राहिली पाहिजेत, कण्यावरची पन्हळ पुढून मागपर्यंत आरपार दिसली पाहिजे, आणि गादीखालून फिरविलेला हात कोठेही अडकता वा सुटता कामा नये.

येथे एका सार्वत्रिक चुकीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. घोड्याची पाठ लागली की मालक पहिली तजवीज करतो ती जिनाखाली आणखी एक जाड घडी घालण्याची. जीन रुंद असेल तर क्वचित तात्पुरता उपयोग होतोही. परंतु ते अरुंद असेल तर प्रत्येक घडी त्याला अधिकच अरुंद करते, आणि आग रामेश्वरी व बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो. नमद्याला जखमेपुरते भोक पाडण्याचा जुना उपायही असाच फसवा. भोकाच्या कडेवर नवा दाब येतो. खळग्याच्या पाठीला पुरेशा रुंद कमानीचे जीन घेऊन, त्यातील लोकरीचा भराव खळग्याच्या जागी कारागिराकडून हळूहळू वाढवून घेणे, हा खरा मार्ग. आणि पाठ भरू लागली, की तोच भराव काढून घ्यावयाचा. असे जीन वर्षातून दोनदा तरी तपासावे लागते, कारण पावसाळ्यातील हिरव्या चाऱ्यावरचा घोडा आणि वैशाखातला घोडा यांची पाठ एक नसते.

स्वारीहून आल्यावर तापलेल्या पाठीवरून जीन एकदम ओढून काढू नये. तंग सैल करून थोडा वेळ तसेच राहू द्यावे, म्हणजे दाबलेल्या भागात रक्त हळूहळू परत येते. घामाचा ठसा पाहावा. सगळीकडे ओल असून एखादाच ठिपका कोरडा असेल, तर तेथे दाब फार आहे किंवा स्पर्शच नाही, आणि यांपैकी कोणते, हे हातानेच ठरवावे. मग तासाभराने पुन्हा चाचपावे. कारण दाबाची सूज जीन उतरताक्षणी नसते, ती मागाहून येते, आणि तोपर्यंत मोतद्दार घोडा बांधून जेवायला गेलेला असतो.

या हंगामात सारंगखेड्यास किंवा माळेगावास जाणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती आहे की, घोडा पसंत पडल्यावर त्याच बाजारातले भरजरी जीन त्याच दिवशी घेऊ नये. आधी घोडा घरी आणावा, महिनाभर खाऊपिऊ घालावा, पाठीची मापे कागदावर उतरवावीत आणि तो कागद घेऊन कारागिराकडे जावे.