कॅमेरा की कॉम्प्युटर? आधी आपला माल पाहा

मालाची व्हिडिओ जाहिरात करायची म्हटली की व्यापारी बांधवांपुढे पहिला सवाल उभा राहतो. माल समोर मांडून कॅमेऱ्याने शूटिंग करायचे, की कॉम्प्युटरवर चित्र बनवून घ्यायचे? पुष्कळ वेळा स्टुडिओवाला सांगेल त्याला आपण मान डोलावतो. पैसा आपला आहे, तेव्हा निर्णयही आपण समजून घेतला पाहिजे.

मालेगावचे उदाहरण घरचेच आहे. यंत्रमागाच्या या गावात नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर काढला. माणसे, रस्ते, माळरान सारे समोरच होते, कॅमेऱ्याने काम भागले. पुढे त्यांनी मालेगावचा सुपरमॅन काढायला घेतला. आता माणूस आकाशात उडवायचा कसा? तेथे हिरवा पडदा आणि कॉम्प्युटर कामाला आले. ही हकीकत फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटात पाहायला मिळते. जे समोर आहे त्याला कॅमेरा, जे समोर आणता येत नाही त्याला कॉम्प्युटर, हा हिशेब त्यातून शिकण्यासारखा आहे.

हॉलिवूडनेही दुसरे काही केले नाही. १९९३ च्या 'जुरासिक पार्क'मध्ये डायनासोर काही ठिकाणी कॉम्प्युटरचे आहेत, तर काही ठिकाणी कारागिरांनी बनवलेले हलते पुतळे.

आता कापडाकडे येऊ. जुन्या व्हिडिओ टेपवर बारीक चौकडी आणि पट्टे झिलमिलत, रंग एकमेकांत पसरत, आणि कॉपीवरून कॉपी काढली की चित्र आणखी फिके पडे. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात कॉपीचा हा दोष नाही, पण बारीक विणीवर झिलमिल अजूनही येऊ शकते. हिरव्या पडद्याचीही अडचण आहे. हिरवी साडी पडद्याबरोबर गायब होते, झिरझिरीत ओढणीतून मागचा हिरवा रंग दिसतो, आणि जरीवर त्याची झाक पडते.

कॉम्प्युटरवर कापड बनवताना त्याचे वजन, ताण, घडी आकड्यांत भरावी लागते. आकडे चुकले की सुती कापड रेशमासारखे लहरू लागते. चित्र सुंदर दिसते, पण ते आपल्या मालाचे राहत नाही.

गिऱ्हाईक चित्र पाहून ऑर्डर देते आणि पार्सल हातात घेऊन पारख करते. रंग निघाला वेगळा, पोत निघाला वेगळा, तर माल परत येतो. जाण्या-येण्याचे भाडे आपल्या माथी आणि गिऱ्हाईकही तुटते.

म्हणून सौदा ठरवताना एवढे पाळावे. कापडाचा पोत, रंग, काठ हे खऱ्या ठाणावरून, दिवसाच्या उजेडात चित्रित करावे. दुकानाचे नाव, मागची सजावट, अजून न विणलेल्या डिझाइनचा नमुना यासाठी कॉम्प्युटर खुशाल वापरावा, मात्र नमुना असेल तर तसे स्पष्ट लिहावे. आणि तयार चित्र पास करण्यापूर्वी स्क्रीनशेजारी खरे ठाण उलगडून पाहावे. दोन्ही जुळले तरच पैसे चुकते करावेत.